मोठ्या बाबांच्या मज्जेतल्या पोकळ्या

माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाला आम्ही मोठे बाबा म्हणतो. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाल्यावर ते रेल्वे क्वार्टर सोडून रायपूरच्या चौबे कॉलनीत, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायला आले. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले. पुढे मला मेडिकल कॉलेजात सोडायला, होस्टेलवर डबा पोचवायला मोठे बाबाच यायचे. मी पॅथॉलॉजी विषय घेतला तेव्हा आई नाराज झाली. तिला वाटलं, पोरगी डॉक्टर झाली खरी, पण पेशंटशी बोलणार नाही, नुसती दुर्बिणीत बघत बसणार. तेव्हा तिची समजूत काढली तीही त्यांनीच. ते म्हणाले होते की मी आयुष्यभर गाडीतल्या एकाही माणसाशी बोललो नाही, पण त्या माणसांना त्यावाचून काही अडलं नाही.

आता मी शंकर नगरातल्या एका खाजगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते. काम आईने म्हटलं होतं तसंच आहे. रक्ताचा थेंब, गाठीचा तुकडा, हाडातून काढलेली मज्जा, असं काही काचपट्टीवर पसरून, रंगवून माझ्यासमोर येतं आणि मी बघते. मला हे काम आवडतं. सकाळी लॅबमध्ये शिरून एसी लावायचा, चहा मागवायचा, पहिली पट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवायची, या सगळ्याचा मला इतक्या वर्षांत कंटाळा आलेला नाही.

आमचं शिक्षण हिंदी माध्यमातलं. पेशीच्या आतल्या त्या गोल मोकळ्या जागेला आमच्या पुस्तकात रसधानी म्हणत. मराठीत तिलाच रिक्तिका म्हणतात हे मला फार उशिरा, नागपूरच्या मामेबहिणीच्या मुलीचं पुस्तक चाळताना कळलं. एका भाषेत ती रसाने भरलेली, दुसऱ्या भाषेत रिकामी. मी मनातल्या मनात तिला पोकळीच म्हणते. झाडांच्या पेशीत ही पोकळी भली मोठी असते आणि ती असायलाच हवी. माणसाच्या पेशीत ती इतकी बारीक असते की सहसा दिसत नाही. दिसली, की आम्ही थांबतो. कुठल्या पेशीत आहे, किती मोठी आहे, एकच आहे की जाळीसारख्या पुष्कळ आहेत, यावरून पुढचा विचार सुरू होतो. जंतू रक्तात शिरून माणूस तापाने फणफणला असेल तर पांढऱ्या पेशींना अशी भोकं पडतात. यकृतात चरबी साठली की पेशींत चरबीचे थेंब दिसतात, ते रंगवताना धुऊन निघतात आणि मागे स्वच्छ गोल जागा राहते. एकदा एका तान्ह्या बाळाच्या रक्तात अशा पोकळ्या सापडल्या होत्या आणि त्यावरून त्याचा जन्मजात आजार कळला होता. कधीकधी मात्र या पोकळ्या खोट्याही असतात. उन्हाळ्यात अभनपूरहून सकाळी निघालेली रक्ताची नळी गाडीतच तापत राहिली आणि दुपारी आमच्याकडे पोचली, तर चांगल्या पेशीही फुगतात, त्यांना भोकं पडतात. म्हणून पोकळी दिसली की आधी विचारायचं, रक्त केव्हा काढलं होतं.

मोठे बाबा आजारी पडले तो हिवाळा होता. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेली. त्यानंतर ते मुलगा-सुनेबरोबर राहत होते. हा माझा चुलतभाऊ सगळं मराठी समजतो, पण उत्तर हिंदीतच देतो. सून मूळची दुर्गची, तीही तशीच. मोठे बाबा त्यांच्याशी वऱ्हाडीत बोलतात, ती दोघं हिंदीत उत्तर देतात, आणि त्या घरात कुणालाच ते वेगळं वाटत नाही.

त्या हिवाळ्यात ते थकलेले दिसू लागले. चेहरा पांढुरका झाला. सकाळचं फिरणं कमी झालं. मला म्हणाले, पायाखाली कोणी गादी टाकल्यासारखं वाटून राहिलं, जमीन लागतच नाही. वयाचं असेल असं त्यांनीच ठरवून टाकलं. मीही म्हटलं, बी-ट्वेल्व कमी असेल. तपासलं तर ते ठीक निघालं. तरीही फॅमिली डॉक्टरांनी त्याची इंजेक्शनं दिली, पण काही फरक पडला नाही.

मग विहारात तो प्रकार झाला. दर रविवारी ते वंदनेला जातात. सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे होते. मोठ्या बाबांनी डोळे मिटले आणि ते सरळ शेजारच्या माणसाच्या अंगावर कलले. त्याने सावरलं म्हणून पडले नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच झालं. त्यानंतर त्यांनी विहारात जाणं बंद केलं. घरात सांगितलं की गुडघे दुखतात.

माझ्या आईने हे मला स्वयंपाकघरात, भाजी चिरताना, आवाज खाली करून सांगितलं. तिथल्या बायकांत कुजबुज चालू झाली होती. एकटा पडलेला म्हातारा, बायको गेलेली, चेहरा उतरलेला, आणि सकाळी सकाळी तोल जातो, म्हणजे काय असणार. आईचा त्यावर विश्वास नव्हता, पण तिला ते लागलं होतं. माणसाने सगळी हयात दारूला न शिवता व्रतासारखी काढली आणि म्हातारपणी लोक असं बोलतात, असं ती म्हणाली आणि चिरलेली भाजी पुन्हा चिरू लागली.

मी दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाबांना रुग्णालयात बोलावून रक्त घेतलं. हिमोग्लोबिन बरंच खाली गेलं होतं. पांढऱ्या पेशी तर त्याहून कमी. आमच्याकडे रक्ताच्या आजारांच्या ज्या डॉक्टर येतात त्या माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, पण फार सावध आणि शांत बाई आहेत. त्यांनी मोठ्या बाबांना तपासलं, चालवून बघितलं, पाय जुळवून डोळे मिटून उभं केलं. ते हलले, तेव्हा त्यांनीच हात धरला. मग मला बाहेर बोलावून म्हणाल्या की या वयात दोन्ही प्रकारच्या पेशी कमी होतात तेव्हा मज्जाच बिघडलेली असण्याची भीती असते. पुढे जाऊन तो कॅन्सरकडे वळणारा आजार. मज्जा तपासावी लागेल.

चुलतभावाला मी तेवढंच सांगितलं जेवढं सांगणं भाग होतं. तो ऐकून घेतल्यावर बराच वेळ गाडीच्या किल्ल्या हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "पापा को अभी मत बताना." पण मोठ्या बाबांना न सांगता काही करणं शक्य नसतं. त्यांनी स्वतःच डॉक्टरांना विचारलं की हाडात सुई कशाला घालता, आणि उत्तर ऐकून मान हलवली. नंतर कॅन्टीनमध्ये समोसा खाताना मला म्हणाले, "जे असन ते असन. तू पाहशीन ना? मंग झालं."

घरच्या माणसाच्या पट्टीवर मी सही करत नाही. रिपोर्ट माझ्या सहकाऱ्याने दिला. पण बघितली मीच आधी. त्या दिवशी चहा मागवलाच नाही.

मज्जेत तयार होऊ घातलेल्या पेशी असतात, रक्ताच्या लहान मुलांसारख्या. त्या पुरेशा होत्या, त्यामुळे मला जरा हायसं वाटलं. काहींचा आकार वाकडातिकडा होता, डॉक्टरांना जी भीती होती तिच्याशी जुळणारा. पण मी मोठ्या लेन्सवर गेले तेव्हा दुसरंच काही दिसलं. लाल आणि पांढऱ्या, दोन्ही प्रकारच्या कोवळ्या पेशींत गोल, स्वच्छ कडांच्या पोकळ्या होत्या. जांभळ्या रंगात सुईच्या टोकाने टोचल्यासारख्या. एका पेशीत, मग दुसरीत, मग पट्टीच्या दुसऱ्या टोकाच्या पेशींतही.

पहिला विचार आला, नमुना जुना असेल. पण या पट्ट्या तर सुई काढल्या काढल्या, मोठ्या बाबांच्या पलंगाशेजारी उभं राहून आमच्या टेक्निशियनने पसरल्या होत्या. मी तिथेच होते. म्हणजे पोकळ्या खऱ्या होत्या.

मी आणि सहकारी दोघं मिळून बसलो. अशा पोकळ्या कोवळ्या पेशींत दिसायला कारणं थोडीच आहेत. काही औषधं. एक अलीकडेच ओळखू आलेला आजार, तो म्हाताऱ्या पुरुषांना होतो, पण त्यात ताप येतो, कान सुजून लाल होतात, अंगावर चट्टे उठतात. मोठ्या बाबांना यातलं काही नव्हतं. शरीरात तांबं कमी पडलं तरी तसं होतं, पण ते आम्ही पुस्तकातच वाचलेलं. आणि सगळ्यात नेहमीचं कारण, दारू.

सहकाऱ्याला घरच्या गोष्टी माहीत नव्हत्या. त्याने सहज विचारलं, घेतात का ते. मी नाही म्हणाले. मग तो म्हणाला की नातेवाईक नेहमी नाहीच म्हणतात, एकदा नीट विचारून घे. त्याचं चुकत नव्हतं. दुसऱ्या कुणाचा पेशंट असता तर मीही हेच म्हटलं असतं.

त्याच संध्याकाळी मी चौबे कॉलनीत गेले. अजून उजेड होता. मोठे बाबा पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते, पायांवर शाल. चुलतभाऊ आतून आला आणि कठड्यावर टेकला. मला वाटलं होतं की इकडचं तिकडचं बोलून मग विषय काढीन, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला ते जमलं नाही.

मी विचारलं, "मोठे बाबा, तुम्ही दारू घेता काय? कधी थोडी तरी?"

चुलतभाऊ ताठ झाला. मोठे बाबा रागावले नाहीत. काही क्षण त्यांनी शालीची सुटलेली दशी बोटाला गुंडाळली.

"तुले कोनी सांगतलं? विहारातल्या बायांनी?"

"नाही. तुमच्या मज्जेच्या पेशींत भोकं दिसून राहिले. दारूनं तसे पडतात, म्हणून विचारून राहिली. कुणाचं ऐकून नाही."

मग ते सावकाश बोलले. त्यांचे वडील प्यायचे. घरी येऊन काय करायचे ते लहान असलेल्या मोठ्या बाबांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मग नागपूरला दीक्षेसाठी सगळं घर गेलं, मोठे बाबा वडिलांच्या खांद्यावर होते. परत आल्यावर वडिलांनी घरातली बाटली विहिरीपलीकडे नेऊन फोडली आणि पुन्हा कधी हात लावला नाही. "बापानं सोडली," ते म्हणाले. "मी तं धरलीच नाही. तुले खोटं काहून सांगू?"

मी म्हटलं, मला माहीत होतं, तरी विचारावं लागलं. ते म्हणाले, विचारलंस ते बरं केलं. बाकीचे विचारत नाहीत, नुसतेच बोलतात. मग थोड्या वेळाने, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असल्यासारखं, "मंग ते भोकं कायचे हाये?"

मी म्हटलं, ते अजून मलाही कळलेलं नाही.

सुनेने चहा आणला. मोठे बाबा खुर्चीचे हात धरून उठले, भिंतीला हात लावत आत गेले. मोठ्या आईच्या फोटोखाली एक फळी आहे, तिच्यावरून त्यांनी काही घेतलं आणि परत येऊन बसले. तळहातावर दोन पांढऱ्या गोळ्या होत्या. त्या तोंडात टाकून त्यांनी वर चहाचा घोट घेतला.

मी विचारलं, या कसल्या? डॉक्टरांनी औषधं विचारली तेव्हा तुम्ही तर फक्त बीपीची गोळी सांगितली होती.

"हे औषध नोहे," ते म्हणाले. "हे तं तुह्या मोठ्या आईची गोळी हाये."

चुलतभावाने सहज सांगितलं, "कोविड के टाइम वाली है, दीदी. ज़िंक. इम्युनिटी के लिए."

ज़िंक, म्हणजे जस्त. मी कप खाली ठेवला आणि पाकीट मागवून वाचलं.

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. त्या भीतीच्या महिन्यांत रायपुरात घरोघरी ही गोळी चालू होती, आमच्याही घरी होती. मोठी आई चहाबरोबर एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि एक स्वतः घ्यायची. ती आजारी पडली, रुग्णालयात गेली आणि परत आली नाही. गोळ्या मात्र येत राहिल्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे दोघांच्या गोळ्या सांगून ठेवलेल्या होत्या, आणि मोठ्या बाबांनी त्यातली तिची कधी कमी करायला सांगितली नाही.

"तिच्या हिश्श्याची फेकू कुठं?" ते म्हणाले. "म्हनून मीच खाल्ली."

सून दारातच थांबली होती. तिनेही हे आत्ताच ऐकलं असावं. घरात सगळ्यांना वाटत होतं की ते एक ताकदीची गोळी घेतात. त्यात कुणी लक्ष घालण्यासारखं काही नव्हतं.

अजून खात्री नव्हती. चहा संपवला, बाहेर गल्लीत येऊन त्या डॉक्टरबाईंना फोन लावला. जास्तीचं जस्त वर्षानुवर्षं पोटात गेलं तर ते तांब्याला रक्तात शिरू देत नाही. तांबं संपत जातं तशी मज्जा बिघडते, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूलाही इजा होते. कमी झालेलं रक्त, पायाखालची गादी, डोळे मिटल्यावर जाणारा तोल आणि पेशींतल्या पोकळ्या, हे सगळं एकाच कारणाने होऊ शकत होतं. मी हे सगळं भरभर सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपण सगळ्यांनी औषधं विचारली, मॅडम. गोळ्या कुणी विचारल्याच नाहीत. उद्या सकाळी त्यांना घेऊन या."

तांब्याची तपासणी आमच्याकडे होत नाही, रक्त बाहेरगावी पाठवावं लागतं. तोवर गोळ्या बंद करायला हव्या होत्या, आणि ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. रक्त दिल्यावर मोठे बाबा माझ्या खोलीत बसले होते, कोपराला कापूस दाबून. मी त्यांना समजावलं की आतड्याच्या दारात जस्त बसून राहतं आणि तांब्याला तिथेच अडवतं, आत येऊ देत नाही.

"मंजे गाडी आउटरले उभीच," ते म्हणाले.

आउटर म्हणजे स्टेशनबाहेरचा सिग्नल, तिथे गाडी आत यायची वाट बघत थांबते. मी हो म्हणाले. त्यांनी कापूस काढून बघितला, रक्त थांबलं होतं. तो कापूस त्यांनी घडी करून मुठीत धरला. मग विचारलं, "मंग हे तिच्या गोळीनं झालं काय?"

या प्रश्नाची मी आदल्या रात्रीपासून वाट बघत होते आणि तरी तयार नव्हते. मी सांगितलं की तिने दिली तेव्हा ती बरोबरच होती, तेव्हा डॉक्टरही हेच देत होते. तिने थोडे महिने दिली. पुढची वर्षं तुम्ही चालू ठेवली, आणि दुप्पट. मला भीती वाटत होती की हा माणूस आता खचेल. पण ते जे बोलले ते बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जवळजवळ हसू होतं.

"तिले समजलं असतं तं तिनंच बंद केली असती. कोनती वस्तू फेकाले ती मागंपुढं पाहत नव्हती. माह्या ड्यूटीचे जुने बूट अजून वापरायचे होते, तरी देऊन टाकले."

घरी पोचल्यावर त्यांनी फळीवरची सगळी पाकिटं गोळा करून माझ्या पर्समध्ये टाकली. म्हणाले, माझ्याने फेकवणार नाही, तूच ने. मी ती लॅबमध्ये नेऊन वैद्यकीय कचऱ्याच्या डब्यात टाकली.

रिपोर्ट आला. तांबं नावालाच होतं, जस्त भरमसाट. डॉक्टरबाईंनी तो वाचून मला दाखवला, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून खुर्चीत मागे टेकलो. ज्या आजाराची भीती होती त्याच्यासाठी डॉक्टरबाई इंजेक्शनांचा विचार करत होत्या. आता त्याऐवजी आधी सलाइनमधून तांबं आणि मग तांब्याच्या गोळ्या. चुलतभावाला मी फोन केला तेव्हा तो दुचाकीवर होता. बाजूला थांबून त्याने ऐकलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलला, फक्त दोन शब्द: "बरं झालं." लगेच हिंदीत विचारलं की पापांना तांब्याच्या लोट्यातलं पाणी दिलं तर चालेल का. मी म्हटलं, द्या, पण त्यातून मिळतं ते फार थोडं, गोळ्या मात्र चुकवू नका.

उन्हाळा लागेपर्यंत रक्त सुधारलं होतं. आधी पांढऱ्या पेशी वर आल्या, मग हिमोग्लोबिन. चेहऱ्यावर रंग आला, दुपारची झोप कमी झाली. पाय मात्र सावकाश सुधारत आहेत. मेंदूच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की नसांना झालेली सगळी इजा भरून निघेलच असं नाही. तळव्यांना अजून मुंग्या येतात, काठी सुटलेली नाही. फिजिओथेरपीवाली मुलगी घरी येते, त्यांना एका रेषेत चालवते, आणि ते तिला रुळांवरून चालण्याच्या गोष्टी सांगतात. एकदा मी विचारलं, गादी गेली का पायाखालची. म्हणाले, गादी नाही गेली, पातळ झाली, सतरंजीवानी.

विहारात ते पुन्हा जाऊ लागले. आईच त्यांना घेऊन गेली, पहिल्या दिवशी. वंदनेला ते खुर्चीवर बसले. वंदना झाल्यावर ते उठले, काठी टेकली आणि सगळ्यांसमोर, कुणी विचारलं नसताना, काय झालं होतं ते सांगितलं. जस्त, तांबं, मज्जा, पोकळ्या, सगळं. आई म्हणते, मध्ये एकदा त्यांनी पेशी हवेत बोटाने काढूनही दाखवल्या. ज्या बायका कुजबुजत होत्या त्यांच्याकडे त्यांनी मुद्दाम बघितलं नाही, असंही तिने बघितलं. त्याच बायकांपैकी एक दोन दिवसांनी तांब्याचा लोटा घेऊन घरी आली. मग दुसरी आली. चुलतभावाच्या स्वयंपाकघरात लोट्यांची रांग लागली आहे आणि सून वैतागून म्हणते की हे रोज घासायचे कोणी.

मला मात्र फोन येऊ लागले. कुणाच्या सासूबाई अजून त्याच गोळ्या घेत होत्या, कुणाचे आजोबा तीन वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या घेत होते आणि तिन्हींत जस्त होतं. बहुतेकांना काही झालेलं नव्हतं. मी त्यांना सांगायची की तुमच्या डॉक्टरांना पाकीट दाखवा आणि विचारा, ही अजून हवी का. आयुष्यभर पेशंटशी न बोलणारी डॉक्टर म्हणून राहिलेली मी, त्या महिन्यांत पुष्कळ बोलले. आईला याची फार मजा वाटली.

मोठ्या बाबांना आपल्या पेशी बघायच्या होत्या. ते मागेच लागले. एका शनिवारी दुपारी, काम संपल्यावर, मी त्यांना लॅबमध्ये आणलं. आमच्याकडे दोघांना एकत्र बघता येईल असा मायक्रोस्कोप आहे, नवीन डॉक्टरांना शिकवायचा. त्यांना उंच स्टुलावर बसवलं, काठी टेबलाला टेकवली. आधी त्यांना स्वतःच्याच पापण्या दिसत होत्या. मग डोळे नीट लागले आणि ते अजून पुढे वाकले.

मी मायक्रोस्कोपमधला दाखवायचा बाण फिरवून एक पेशी दाखवली. हे गोल गोल दिसतं ना, या त्या पोकळ्या.

"एवढेसे?" ते म्हणाले. बराच वेळ त्यांनी डोळे काढले नाहीत. मग विचारलं की यांच्या आत काय असतं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की नेमकं सांगता येत नाही, पेशीला जे हवं ते मिळालं नाही की तिच्या आतला कारभार बिघडतो आणि अशा जागा तयार होतात. त्यानंतर मी दुसऱ्या एका माणसाची, निरोगी मज्जेची पट्टी लावली. ती त्यांना तितकी आवडली नाही. म्हणाले, यात पाहासारखं काही नाही. मी म्हटलं, तेच तर चांगलं असतं.

त्यांची पट्टी मी शिकवायला वापरते, त्यांच्या परवानगीने, नाव झाकून. परवानगी देताना त्यांनी एक अट घातली होती. "त्या पोट्ट्यांले सांगजो, म्हाताऱ्याले औषध काय घेता असं विचारू नका. सकाळी चहासंग काय काय तोंडात टाकता, ते विचारा." मी प्रत्येक बॅचला हे सांगते. ते हसतात, पण लिहून घेतात.

लॅबमधून निघाल्यावर त्यांना भूक लागली. रुग्णालयाच्या बाहेर एक बाई गरम चीले काढते, तांदळाच्या पिठाचे, धिरड्यांसारखे, टमाटरच्या चटणीबरोबर. बाकावर बसून आम्ही ते खाल्ले. चटणीत मीठ कमी आहे असं त्यांनी तिला सांगितलं आणि वर अजून एक मागवला. ऊन उतरलं होतं, शंकर नगरच्या रस्त्यावर शनिवारची गर्दी होती. मग मी ऑटो थांबवला.

ऑटोवाला तरुण होता, धमतरीकडचा. मोठ्या बाबांना काठीसकट बसताना बघून त्याने छत्तीसगढीत विचारलं, पायाला काय झालं बबा. एवढं पुरे होतं. मोठ्या बाबांनी हिंदी, छत्तीसगढी आणि वऱ्हाडी एकत्र करून सुरुवातीपासून सांगायला घेतलं. तो आरशात बघत "हव, हव" म्हणत होता. मध्येच म्हणाला की माझी आई पण कसलीतरी पांढरी गोळी घेते. मोठे बाबा म्हणाले, घरी जाऊन आधी पाकीट बघ. आमची गल्ली आली तेव्हा त्यांची गोष्ट अजून आउटरला थांबलेल्या गाडीपाशीच पोचली होती. मी पैसे काढून हातात धरले होते, पण त्याने ते घेतले नाहीत, ऑटो बंद केला आणि पुढचं ऐकायला सीटवर वळून बसला.